हीटर प्लग बदलायच्या आधी करंट कुठपर्यंत पोचतोय ते बघा

सकाळच्या थंडीत गाडी सेल्फ चांगला मारते पण लवकर धरत नाही, धरली की पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, मिनिटभर इंजिन थडथडतं आणि मग सरळ चालायला लागतं, असं होत असेल तर बहुतेक हीटर प्लगच्या सिस्टीममध्येच काहीतरी आहे (ग्लो प्लग म्हणा की हीटर प्लग, एकच: थंडीत गाडी धरावी म्हणून डिझेल इंजिनच्या सिलिंडरला आतून ऊब देणारा प्लग). लोक थेट चारही प्लग नवीन घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण प्लगला करंटच जात नव्हता. प्लग खोलायचं काम सगळ्यात शेवटी ठेवा.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फच हळू फिरत असेल तर कॉम्प्रेशनची उष्णता नीट तयार होत नाही, मग प्लग कितीही चांगले असू देत. डॅशबोर्डवरच्या वेटोळ्याच्या दिव्यावर तर अजिबात भरवसा ठेवू नका, तो लागला म्हणजे प्लग तापतायत असं नाही आणि विझला म्हणजे प्लग बंद झाले असंही नाही, बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरही ते थोडा वेळ तापत राहतात.

आता मुख्य टेस्ट, ही थंड इंजिनवरच करायची. प्लग जोडलेलेच ठेवा, एकाला चावी ऑन करायला सांगा आणि मल्टिमीटरची लाल पिन सगळ्या प्लगना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीला, काळी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. ११ व्होल्टच्या आसपास आले तर सप्लाय ठीक. काहीच नाही आलं तर उलट मागे जायचं: रिलेच्या (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच) ८७ नंबरच्या पिनला बघा, जी प्लगकडे जाते, मग ३० ला, जिथे बॅटरीकडून करंट येतो, मग मोठ्या फ्यूजला. ३० ला व्होल्टेज आहे, रिले टक करून वाजतो पण ८७ कोरडा, तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत. रिले वाजतच नसेल तर ८५ आणि ८६ (रिलेच्या कॉइलच्या पिना) च्या मध्ये १२ व्होल्ट येतात का ते बघा, येत नसतील तर दोष पुढे वायरिंगमध्ये, प्लग कधी चालू करायचे ते ठरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये किंवा कूलंट टेम्परेचर सेन्सरमध्ये. सेन्सरने इंजिन गरम आहे असं खोटं सांगितलं की कंट्रोलर प्लग चालूच करत नाही, हे खूप जण विसरतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, लोड न देता, म्हणजे प्लग जोडलेले नसताना, मोजलेलं व्होल्टेज फसवतं. माझ्याकडच्या एका गाडीत प्लगची वायर काढून मोजलं की टोकाला पूर्ण १२ व्होल्ट यायचे म्हणून मी दोन दिवस भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी मोठा फ्यूज (धातूच्या पट्टीचा, स्क्रूने बसणारा) खोलून उजेडात धरला तेव्हा स्क्रूच्या भोकाजवळ केसासारखी चीर दिसली, खाली काळपट डाग. मीटरला लागतो तेवढा करंट त्यातून जायचा, प्लगचा जायचा नाही. म्हणून आता प्लग चालू असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी प्लगवरच्या पट्टीला लावतो. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर छान, १-२ व्होल्ट दिसले तर मध्ये कुठेतरी गळतंय, एकेक जोड सरकत मोजत गेलं की सापडतं. तसंच बॅटरीच्या मायनसपासून सिलिंडर हेडपर्यंत, कारण प्लगचं अर्थिंग (मायनसकडे परत जायचा रस्ता) हेडच्या आट्यांतूनच जातं आणि इंजिनला मायनसशी जोडणारा अर्थिंगचा पट्टा बऱ्याचदा गंजलेला असतो.

सप्लाय ठीक निघाला तर प्लगकडे. पट्टी काढल्याशिवाय ओहम मोजू नका, सगळे पॅरलल असतात आणि मेलेला प्लग लपून जातो. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारं रीडिंग वजा करा. साध्या १२ व्होल्टच्या प्लगचा थंडपणी साधारण अर्धा ते दीड ओहम येतो, मीटरने ओपन (आत जोड तुटलेला) दाखवला तर तो गेला, आणि चारातला एक बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसला तरी त्याच्यावर संशय घ्या. डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) असेल तर उत्तमच, करंट सुरुवातीला जास्त आणि काही सेकंदांत उतरताना दिसतो, एक प्लग मेला की एकूण करंट चौथ्या हिश्शाने कमी.

नवीन गाड्यांतले कमी व्होल्टेजचे आणि सिरॅमिक प्लग चुकूनही थेट बॅटरीला लावू नका, ४.४ किंवा ७ व्होल्टच्या प्लगला १२ दिले की तो जळतो, टोक तुटून सिलिंडरमध्ये पडलं तर इंजिनच खोलावं लागेल. तिथे कंट्रोलर करंट तुकड्यातुकड्यांनी देतो म्हणून साध्या मीटरचं रीडिंगही कामाचं नाही, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, पी ०६७१ पासून पुढचे कोड एकेका सिलिंडरच्या प्लगचे असतात.

चावी काढून बराच वेळ झाला तरी पट्टीला व्होल्टेज राहिलं तर रिले चिकटलाय, लगेच काढा नाहीतर बॅटरी संपेल आणि प्लगही जळतील. आणि गाडी धरत नाही म्हणून इनटेकमध्ये ईथरचा स्प्रे मारू नका, तापलेल्या प्लगवर तो नको तेव्हा पेटतो.

प्लग काढायचाच असेल तर इंजिन कोमट असू द्या, आट्यांवर गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी सोडा, पाना अडला की जोर न लावता थोडं मागे-पुढे फिरवत या. नवा बसवताना टॉर्क पाना वापरा आणि वरचा छोटा नट हलक्या हाताने.