व्यायलेली गाय खुराक सोडते तेव्हा या चुका टाळा

सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या गोठ्यांवरून एक फोन ठरलेला असतो. गाय व्यायल्याला दोन-तीन आठवडे झालेले, आणि पलीकडून आवाज येतो, "डॉक्टर, कडबा खाते पण खुराकाला तोंड लावत नाही, दूध निम्म्यावर आलं." पुष्कळदा तो केटोसिस असतो, म्हणजे ग्लुकोज कमी पडून अंगात कीटोन वाढण्याचा आजार. कीटोन म्हणजे यकृतात चरबीपासून बनणारे पदार्थ. आणि मी पोचेपर्यंत गुळाचं पाणी पाजून झालेलं असतं.

गूळ पाजू नका. माणसाला साखर दिली की ती आतड्यातून सरळ रक्तात जाते. गाईच्या कोठीपोटात मात्र आधी जिवाणू बसलेले. ते गूळ आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल बरंच बनतं, आणि ब्युटिरेटचे पुन्हा कीटोनच होतात. गाईला लागणारं ग्लुकोज तिचं यकृत स्वतः तयार करतं, मुख्यतः धान्य आंबून निघणाऱ्या प्रोपिओनेट या दुसऱ्या आम्लापासून. एक लिटर दुधाला सुमारे 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे 20 लिटरच्या गाईला रोज 1.4 किलो. तेवढं जमलं नाही की अंगावरची चरबी उतरून यकृतात येते. यकृत त्यातली थोडी जाळतं, काहींचे कीटोन करतं, उरलेली त्याच्यातच साठते. ते कीटोन हृदय आणि स्नायू वापरतात. यकृताला स्वतःला ते वापरता येत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं विकरच (एन्झाइम) त्याच्याकडे नाही. आणि गाईचा मेंदू मागतो ग्लुकोज.

मेंदू उपाशी राहिला की काय होतं ते सिन्नर तालुक्यातल्या एका गोठ्यावर पाहिलं. तिसऱ्या वेताची संकरित गाय भिंत चाटत होती, साखळी चावत होती, गोल फिरत होती. गाय पिसाळली म्हणून लांब लिंबाखाली बांधलेली, भीतीपोटी पाणीही बंद. अशी शंका असताना तोंडात हात घालायचा नाही, हे मी कधीच मोडत नाही. हातमोजे घालून लघवीवर कीटोन तपासायची पट्टी धरली, ती गडद जांभळी झाली, म्हणजे कीटोन भरपूर. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, लावलं. बाटली संपता संपता साखळी चावणं थांबलं आणि घरातल्या मावशींनी गाईच्या मानेवर हात ठेवला.

इथेच दुसरी मोठी चूक होते. गाय उभी राहिली, खायला लागली, की "झालं डॉक्टर, आता औषध कशाला?" त्या घरानेही पुढचं औषध दिलं नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी गाय पुन्हा भिंत चाटू लागली. 50 टक्के डेक्स्ट्रोजच्या 500 मिलीच्या बाटलीत 250 ग्रॅम साखर असते. दिवसाची गरज वर सांगितलीच आहे. बाटली मेंदूला काही तास तारते, यकृताचं काम तिने भागत नाही. म्हणून मी तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल 3 ते 5 दिवस देतो. यकृत त्याचं ग्लुकोज बनवतं. पाजताना जीभ ओढून मान उंच करू नका, औषध फुफ्फुसात जातं.

तेल-तूप पाजून ताकद येत नाही. चरबीच्या आम्लांपासून यकृताला ग्लुकोज करता येत नाही.

नवे पदवीधर सांगतात की कीटोन हे मेंदूचं इंधन आहे. माणसाबाबत ते खरं आहे. ओवेन आणि काहिल या संशोधकांनी 1967 मध्ये दाखवलं की कित्येक आठवडे उपाशी माणसाचा मेंदू मोठ्या प्रमाणात कीटोनवर चालतो. गाय म्हणजे माणूस नव्हे, तिच्यावर हा हिशेब लावू नका.

दुकानातून स्टेरॉइडचं इंजेक्शन आणून टोचणं मला अजिबात मान्य नाही. गर्भाशयात किंवा कासेत संसर्ग असेल तर तो भडकतो. आधी तपासणी, मग सुई.

आटवलेल्या गाईला मका-पेंड भरभरून घालून लठ्ठ करणं हे या सगळ्याचं मूळ. लठ्ठ गाय व्यायल्यावर कमी खाते आणि चरबी जास्त उतरवते. शेवटचे दोन महिने तिला मध्यम अंगावर ठेवा, खुराक विण्याआधी तीन आठवडे हळूहळू वाढवा. व्यायल्यावर पहिले काही आठवडे पट्टीने लघवी तपासत राहा. गाय लघवी करत नसेल तर योनीखालचा भाग हलक्या हाताने चोळा, बहुतेक गाई करतात. पट्टी मात्र आधीच हातात असू द्या.