शेततळ्यातले मासे न दमवता कसे काढावेत

निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडे शेततळ्यात रोहू-कटला पाळणारे वर्षभर खाद्याचा हिशेब चोख ठेवतात, आणि काढणीच्या दिवशी मासळी तासभर जाळ्यात तडफडत ठेवतात. मासा मऊ पडला की दोष बर्फवाल्याला!

मासा घेरला गेला की काही सेकंदांत त्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनालिन उतरतं, काही मिनिटांत कॉर्टिसॉल; दोन्ही ताणाची संप्रेरकं. साखर चढते. झटापटीत पांढऱ्या स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, मग लॅक्टिक आम्ल साचतं आणि ऊर्जेचा साठा आटतो. असा दमलेला मासा मेल्यावर लवकर ताठरतो, लवकर सैल पडतो आणि कमी टिकतो. श्वासासाठी कल्ल्यांकडे रक्त जास्त धावतं, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपतात. जिवंत विक्रीचे मासे वाटेत मरतात त्याचं हे एक मोठं कारण.

आधी खाद्य तोडा: उन्हाळ्यात एक दिवस, थंडीत दोन. रिकाम्या पोटी माशाला ऑक्सिजन कमी लागतो आणि टाकीतलं पाणी कमी घाण होतं.

वेळ सकाळची, पण भल्या पहाटेची नको. पाणी गार असलं तरी रात्रभर शेवाळही श्वास घेतं, म्हणून तेव्हाच ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. ऊन जरा वर येऊ द्या. तोवर पंपानं पाणी उडवत ठेवा.

ओढजाळं बिनगाठीचं असेल तर उत्तम, खवले कमी निघतात. सगळं तळं एकदम घेरू नका. गिऱ्हाईक जेवढं उचलेल तेवढाच भाग ओढा आणि मासे दाटीत अडकवून भाव ठरवत बसू नका. भाव आदल्या दिवशीच ठरवावा.

जिवंत न्यायचे असतील तर टाकीत शंभर लिटर पाण्याला ३०० ते ५०० ग्रॅम खडेमीठ विरघळवा, क्षारांची गळती कमी होते. हवेची नळी सोडायला विसरू नका. कापून विकायचे असतील तर मोठ्या माशाच्या डोक्यावर एक नेमका ठोका घालून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. बर्फ माशांच्या वजनाइतका. काठावर टाकून मरू देणं सर्वांत वाईट.

लहान म्हणून परत सोडलेल्यांना त्या दिवशी खाद्य घालू नका. दुसऱ्या दिवशी थोडंच टाकून बघा. वर येऊन खाल्लं तर सावरले म्हणायचं. पुढचा आठवडाभर मात्र खवले गेलेल्या जागी कापसासारखी बुरशी दिसते का, यावर नजर ठेवा.