गाजलेल्या घटस्फोटाच्या खटल्यात खरे-खोटे कसे तपासावे

२०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत हॉलिवूडचे अभिनेते जॉनी डेप आणि त्यांच्या घटस्फोटित पत्नी, अभिनेत्री अँबर हर्ड यांचा अब्रुनुकसानीचा खटला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात चालू होता आणि इकडे नाशिकमध्ये, गंगापूर रोडला सकाळी फिरायला निघणाऱ्या आमच्या मैत्रिणींमध्ये त्यावरून सरळ दोन तट पडले होते. ती खोटारडी आहे असे एकीचे ठाम मत होते, तर तो दारुडा आहे, त्याचे काय ऐकता, असे दुसरीचे. दोघींनीही खटल्यातला एकही कागद पाहिला नव्हता. पाहिल्या होत्या त्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती. माझ्या नोकरीची तेवीस वर्षे न्यायालयात लघुलेखक म्हणून साक्षी उतरवून घेण्यात गेली, त्यामुळे शपथेवर उच्चारलेले वाक्य आणि ओट्याशी उभे राहून बोललेले वाक्य यांतला फरक मला चांगला ठाऊक आहे. असा खटला पुन्हा गाजेल, मग तो परदेशातला असो की आपल्या नात्यातला, तेव्हा मत देण्याआधी काय काय पाहावे हे मी त्या मैत्रिणींना एका वहीत लिहून दाखवले होते. तेच येथे सविस्तर मांडते.

सर्वांत आधी एकूण किती दावे आहेत ते मोजावे. ‘डेप-हर्ड खटला’ असे आपण एकवचनात म्हणतो, पण प्रत्यक्षात तीन वेगळी प्रकरणे होती. मे २०१६ मध्ये हर्ड यांनी कॅलिफोर्नियात घटस्फोटासाठी अर्ज केला. ऑगस्टमध्ये तडजोड होऊन ७० लाख डॉलर ठरले आणि जानेवारी २०१७ मध्ये घटस्फोट पूर्ण झाला. दुसरे प्रकरण लंडनचे. ‘द सन’ या वृत्तपत्राने २०१८ मध्ये डेप यांना ‘बायकोला मारणारा’ म्हटले, म्हणून डेप यांनी वृत्तपत्राच्या कंपनीवर दावा लावला. त्यात हर्ड पक्षकार नव्हत्या, साक्षीदार होत्या. तिसरे व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सचे. डिसेंबर २०१८ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये घरगुती अत्याचाराविषयी हर्ड यांचा लेख आला होता. त्यात डेप यांचे नाव कुठेही नव्हते, तरी रोख आपल्यावरच आहे असे म्हणत डेप यांनी ५ कोटी डॉलरचा दावा केला आणि हर्ड यांनी १० कोटींचा प्रतिदावा केला. ही तीन प्रकरणे वहीत तीन वेगळ्या पानांवर लिहावीत, कारण एका पानावरचे वाक्य दुसऱ्या पानावर नेऊन चिकटवले की वादाला तोंड फुटते.

त्यानंतर प्रत्येक पानावर सिद्ध कोणी करायचे आणि किती प्रमाणात, हे लिहावे. वर्तमानपत्रांच्या बातम्यांत सहसा न सापडणारी हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे असे माझे मत आहे. इंग्लंडमध्ये छापलेला मजकूर खरा आहे हे सिद्ध करण्याचा भार वृत्तपत्रावर असतो, आणि ‘असे घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढे दाखवले की दिवाणी दाव्यात ते पुरते. न्यायमूर्ती निकोल यांनी २ नोव्हेंबर २०२० रोजी १२९ पानांचा निकाल दिला, मारहाणीच्या आरोपांतले १४ पैकी १२ प्रसंग सिद्ध झाल्याचे नोंदवले आणि मजकूर बहुतांशी खरा ठरवून दावा फेटाळला. व्हर्जिनियात भार उलट बाजूला होता. हर्ड यांचे विधान खोटे आहे, एवढेच नव्हे तर ते खोटे आहे हे माहीत असून किंवा खऱ्या-खोट्याची पर्वा न करता केले आहे, हे डेप यांना स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने दाखवायचे होते. सात सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने १ जून २०२२ रोजी ते दाखवले गेले असे मानले. १ कोटी डॉलर भरपाई आणि ५० लाख दंडात्मक भरपाई दिली, ज्यातली दुसरी रक्कम राज्याच्या कमाल मर्यादेमुळे साडेतीन लाखांवर आली. त्याच ज्यूरीने डेप यांच्या वकिलाच्या तीन विधानांपैकी एक हर्ड यांची बदनामी करणारे ठरवून त्यांनाही २० लाख डॉलर दिले, ही गोष्ट आमच्या फिरण्याच्या कट्ट्यावर एकीलाही माहीत नव्हती.

एका न्यायालयाने तिला खरे मानले आणि दुसऱ्याने खोटे, तेव्हा दोघांपैकी एक न्यायालय चुकलेच असणार, असे लगेच म्हणू नये. पक्षकार वेगळे, प्रश्न वेगळा, भार वेगळा आणि समोर आलेला पुरावाही सारखा नाही, अशी ही स्थिती होती. शिवाय न्यायाधीशाने कारणे लिहिलेली असतात, ती वाचून आपण त्यांच्याशी सहमत किंवा असहमत होऊ शकतो. ज्यूरी मात्र छापील प्रश्नांपुढे हो किंवा नाही एवढेच लिहिते, त्यामागे काय विचार केला ते कागदावर उरत नाही. आपल्याकडेही ज्यूरी होती. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलेला आरोपी उच्च न्यायालयाने दोषी धरला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. त्या खटल्याच्या काळात एका साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने केवढी हवा तापवली होती, हे जुने नाशिककर अजून सांगतात.

आता वाक्यांकडे वळावे. ‘कोण खोटे बोलते’ हा प्रश्न माणसाबद्दलचा आहे, आणि त्याचे उत्तर कधीच सापडत नाही. ‘कोणते वाक्य खोटे आहे’ याचे उत्तर पुष्कळदा सापडते. घटस्फोटात मिळालेले ७० लाख डॉलर आपण दान करणार असे हर्ड यांनी २०१६ मध्ये जाहीर केले. पुढे २०१८ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती रक्कम दान केली असे त्या बोलल्या, आणि लंडनच्या दाव्यातल्या लेखी निवेदनातही तसेच आले. फेअरफॅक्सच्या उलटतपासणीत मात्र पूर्ण रक्कम दिलेली नाही हे समोर आले. दान जाहीर करणे आणि दान देणे हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, असे त्यांनी सांगितले, आणि डेप यांनी दावा लावल्यामुळे हप्ते थांबले असेही सांगितले. दान मिळायच्या दोन संस्थांपैकी एकीच्या साक्षीदाराने सुमारे १३ लाख डॉलर जमा झाल्याचे शपथेवर सांगितले. हा फरक समजायला आपल्याला कायद्याचे पुस्तक लागत नाही. गणेशोत्सवात मंडळाच्या माइकवरून पुकारलेली वर्गणी आणि पावती फाडलेली वर्गणी यांत काय अंतर असते, हे हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येक खजिनदाराला विचारावे.

तेव्हा ते वाक्य, जसे बोलले गेले तसे, खरे नव्हते, असे मी वहीत लिहिले. पण त्याच्या शेजारच्या रकान्यात आणखी एक प्रश्न लिहिला: या वाक्यावर मुख्य मुद्द्यातले काय अवलंबून आहे? डेप यांनी हाच मुद्दा घेऊन इंग्लंडच्या अपील न्यायालयाकडे परवानगी मागितली होती. मार्च २०२१ मध्ये ती नाकारताना, दानाबद्दलच्या त्या विधानाचा मारहाणीसंबंधीच्या निष्कर्षांवर परिणाम झाला असता असे दिसत नाही, असे न्यायालयाने म्हटले, कारण ते निष्कर्ष एकेका प्रसंगाच्या पुराव्यावर उभे होते. उलट ज्यूरीपुढे साक्षीदाराची एकूण विश्वासार्हताच पणाला लागलेली असते. पैशाबद्दल खोटे बोलणारी व्यक्ती माराबद्दलही खोटेच बोलत असेल, ही उडी प्रत्येकाने आपापल्या जबाबदारीवर मारावी. निदान आपण उडी मारत आहोत एवढे तरी ध्यानात असावे.

वाक्य शपथेवरचे आहे की बाहेरचे, हा रकाना कधीही रिकामा ठेवू नये. हर्ड यांच्या वकिलांनी सुरुवातीच्या निवेदनात मेकअपची एक डबी हातात धरून, वळ झाकायला ती असले काही वापरत असे, असे सांगितले. त्यावर एका सौंदर्यप्रसाधन कंपनीने, आमची ही वस्तू बाजारात आली ती २०१७ मध्ये, म्हणजे घटस्फोटाच्या अर्जानंतर, अशी चित्रफीत टाकली आणि जगभर ‘पकडली गेली’ असा गलका झाला. पण वकिलाचे निवेदन हा पुरावा नसतो, आणि कंपनीची चित्रफीतही शपथेवरची साक्ष नव्हती. याच्या उलट डेप यांच्या एकेकाळच्या मैत्रीण, मॉडेल केट मॉस यांचे उदाहरण घ्यावे. डेप यांनी त्यांना जिन्यावरून ढकलले अशी कुजबुज होती. २५ मे २०२२ रोजी त्यांनी स्वतः शपथ घेऊन, तसे काही घडले नाही, असे सांगितले आणि तो विषय तेथे मिटला.

चेहऱ्यावरून खरेपणा ओळखण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. लंडनच्या न्यायालयात कॅमेरे नव्हते. फेअरफॅक्समध्ये होते, आणि हर्ड यांच्या रडण्याच्या नकला लाखो लोकांनी केल्या. मी साक्ष उतरवताना मान खाली घालून लिहीत असे, चेहरा दिसत नसे, आणि त्यामुळे माझे काही अडले असे मला कधी वाटले नाही. घशात अडकलेला हुंदका खरा असूनही तारीख चुकीची असू शकते, आणि थंडपणे दिलेली तारीख अगदी बरोबर असू शकते.

संदेशांची छायाचित्रे आणि ध्वनिफिती यांच्याबाबत तर दुप्पट सावध राहावे. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या घटस्फोटाच्या वेळी (तपशील थोडे बदलून सांगते) सासरच्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरवला. त्यात तिचा एकच संदेश होता, ‘हो, मी खोटं बोलले.’ आठ दिवस तिच्या आईला तोंड दाखवायला जागा उरली नाही. मग तिने स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला आणि अंगठ्याने संवाद वर सरकवला. आधीचा प्रश्न नवऱ्याचा होता, ‘आईला एकादशी केली म्हणालीस, खरंच केलीस का?’ कापलेल्या भागात एवढेच होते. कोणताही स्क्रीनशॉट आला की वरचा आणि खालचा संदेश, तारीख आणि तो कोणाच्या मोबाइलमधून निघाला हे विचारावे. न्यायालयात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते ते याचसाठी. न्यायमूर्ती निकोल यांनीही डेप-हर्ड यांच्या आपसांतल्या ध्वनिफितींना फार वजन दिले नाही, कारण तेथे शपथ नव्हती आणि उलटतपासणी घेणारे कोणी नव्हते.

आपल्याकडची प्रकरणे वाचताना एक जादा प्रश्न लागतो: हा कागद बाहेर कोणी दिला? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अशी सुनावणी बंद दाराआड होते आणि तिचा मजकूर छापायला मनाई आहे. म्हणजे एखाद्या कलाकाराच्या घटस्फोटातला अर्ज आपल्या हाती आला असेल, तर तो बहुधा एका बाजूने सोडलेला असतो आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे अजून दाखलही झालेले नसते. प्रामाणिकपणा तपासण्याची खरी सोय प्रतिज्ञापत्रात आहे. पोटगीच्या प्रकरणांत दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे शपथेवर उघड करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात बंधनकारक केले. त्यात खोटे लिहिल्यास खोट्या पुराव्याबद्दल कारवाई होऊ शकते. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात मुद्रांकाचा कागद छापला जातो, त्याचे मोल त्यावर लिहिणाऱ्याच्या शपथेने ठरते, असे आमचे एक जुने शिरस्तेदार सांगत.

मत मांडण्याची वेळ आली की वाक्य जपून जुळवावे. ‘ती खोटारडी आहे’ किंवा ‘तो बायकोला मारतो’ हे आपले स्वतःचे विधान होते. ‘अमुक न्यायालयाने अमुक तारखेला असे नोंदवले’ ही नोंद होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, आणि तेथे विधान खरे असणे एवढेच पुरत नाही, ते सार्वजनिक हितासाठी केलेले असावे लागते. मी फक्त पुढे पाठवले, हा बचाव टिकेलच असे धरून चालू नये. आणि ज्या मुलीबद्दल आपण पाठवतो आहोत, ती उद्या कॉलेज रोडला आपल्यासमोर उभी राहू शकते, हे मला कलमापेक्षाही मोठे वाटते.

प्रत्येक मतासमोर तारीख टाकावी आणि नवी नोंद आली की पान पुन्हा उघडावे. माझ्या वहीत फेअरफॅक्सच्या पानावर शेवटची नोंद १९ डिसेंबर २०२२ ची आहे: दोन्ही बाजूंनी अपिले सोडली, हर्ड यांच्याकडून डेप यांना १० लाख डॉलर द्यायचे ठरले, ते आपण दान करू असे डेप यांच्या बाजूने जाहीर झाले, आणि ही तडजोड म्हणजे कबुली नव्हे असे हर्ड यांनी सांगितले. ‘जाहीर झाले’ या शब्दांखाली मी रेघ ओढली आहे आणि पावतीचा रकाना मोकळा ठेवला आहे.