आयटीआय पास झालात? शिकाऊ उमेदवारीचं वर्ष सोडू नका

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआयचा निकाल लागला की पोरंपोरी येत राहतात. ‘ताई, पास झालो, आता काय करू?’ प्रत्येकाशी निवांत बोलायला वेळ मिळतोच असं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आधी कागद. आयटीआय पास झाल्याचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र ऑनलाइन निघतं. ते उतरवून घ्या, दहावीच्या मार्कलिस्टशेजारी ठेवा आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न अक्षर ताडून बघा. आधारवरही तेच हवं. आपल्याकडे एकाच घरात एका भावाचं आडनाव कुळाचं आणि दुसऱ्याचं गावावरून पडलेलं, असं सर्रास असतं. शाळेत एक, आधारवर दुसरं. चूक दिसली तर लगेच आयटीआयमध्ये अर्ज द्या. निदेशक, म्हणजे आयटीआयतले शिकवणारे, तुम्हाला तोंडाने ओळखतात तोवर हे काम लवकर होतं.

आता मुख्य गोष्ट. पास झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी एका ठेकेदाराकडे कामाला लागले होते. पैसे रोख मिळायचे, घरी आईच्या हातावर ठेवताना बरं वाटायचं. दीड वर्षाने ठेका संपला. अनुभवाचं पत्र मागितलं तर मिळालं नाही, पीएफ कापलेलाच नव्हता. दीड वर्ष मी राबले, हे सांगणारा एक कागद माझ्याकडे नव्हता. मग मी शिकाऊ उमेदवारी केली. ती आधी करायला हवी होती, हे मला आजही टोचतं.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे 1961 च्या कायद्याखाली कारखान्यात घेतलेलं प्रशिक्षण. केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर आपलं नाव नोंदवायचं, ट्रेड (आयटीआयत शिकलेलं काम) आणि जिल्हा निवडायचा, जागा दिसतील तिथे अर्ज करायचा. पोर्टलवर दिसण्याची वाट बघत बसू नका. लोटे परशुराम, मिरजोळे, कुडाळ या एमआयडीसींत प्रमाणपत्राच्या झेरॉक्स घेऊन स्वतः जा, एचआरमध्ये देऊन या. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत, महावितरणच्या मंडल कार्यालयात विचारा. मुंबईला मामा-काकाकडे राहायची सोय असेल तर माझगाव डॉक, नौदल गोदी आणि रेल्वेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. रेल्वेत तर सगळ्यात खालच्या, म्हणजे लेव्हल 1 च्या भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी पुरी केलेल्यांसाठी असतात.

रुजू होताना एक गोष्ट डोळ्यांनी बघा: तुमचा करार पोर्टलवर नोंदला गेला का आणि त्याचा नंबर काय. ‘अप्रेंटिस म्हणून घेतो’ असं नुसतं तोंडी सांगून साधं हेल्परचं काम करवून घेणारे भेटतात. नोंद नसेल तर शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रही मिळत नाही. विद्यावेतन, म्हणजे शिकाऊ उमेदवाराला मिळणारे पैसे, ठेकेदाराच्या रोजापेक्षा कमी असतं, हे खरं आहे. घरच्यांना ते आधीच सांगा आणि एक वर्ष मागून घ्या.

त्या वर्षात काय मिळतं ते सांगते. आयटीआयमध्ये मी फ्लेअरिंग, म्हणजे जोडासाठी पाइपचं तोंड पसरवणं, शिकले होते, पण गळती शोधायला शिकले ती कामावर. तांब्याच्या पाइपचा जोड, नटाभोवती ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि बघत राहायचं. मोठा बुडबुडा कुणालाही दिसतो. बारीक गळतीला मोहरीएवढे बुडबुडे येतात, तेही थांबून थांबून. माझे उस्ताद घड्याळ लावून मला एका जोडापाशी बसवून ठेवत. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी अशी खाते की बोट लावलं तर पापुद्रा हातात येतो. बर्फाच्या कारखान्यातलं, अमोनिया वायूवर चालणाऱ्या यंत्रांचं काम तर पुस्तकातून येतच नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हे कारखाने कॉम्प्रेसर उघडून दुरुस्तीला काढतात. त्या दोन महिन्यांत कुणाच्या हाताखाली उभं राहता आलं तर सोडू नका.

पुढे शिकायचं असेल त्यांच्यासाठी: दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. शासकीय तंत्रनिकेतन रत्नागिरीलाही आहे आणि मालवणलाही. वर्कशॉपमध्ये आपली मुलं पुढे असतात, मार खातात ती गणितात. प्रवेशाआधीच पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक कुणाकडून तरी मागून आणा आणि रोज तासभर बसा. शिकवायची आवड असेल तर निदेशक होण्यासाठी एक वर्षाचा सीआयटीएस नावाचा कोर्स आहे, तो मुंबईत चुनाभट्टीच्या एनएसटीआय या केंद्र सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत होतो. वीजतंत्री आणि तारतंत्रीवाल्यांनी महावितरणच्या विद्युत सहायक भरतीवर नजर ठेवायची.

आखातात जायचं म्हणणारे खेड-दापोलीकडून बरेच येतात. जा, पण एजंटचा परवाना नंबर केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघितल्याशिवाय पासपोर्ट हातातून सोडू नका. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं. कुणी लाख मागत असेल किंवा व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणत असेल तर तिथून उठा.

स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर पीएमईजीपी ही कर्ज आणि अनुदानाची सरकारी योजना आहे. सेवा व्यवसायाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. पण मी म्हणेन, कर्जाआधी हत्यारं जमवा. व्हॅक्युम पंप, गेज, फ्लेअरिंग टूल, चांगला क्लॅम्प मीटर. दोन वर्षं दुचाकीवरून घरोघर कामं करा. गिऱ्हाईक कुठे आहे ते तेव्हा कळतं. गणपतीला चाकरमानी येतात, वर्षभर बंद असलेली घरं उघडतात आणि फ्रिज चालू होत नाहीत. कुठे उंदराने वायर कुरतडलेली असते, कुठे दाराच्या रबराला बुरशी. श्रावण लागला की मी वाडीवाडीत फोन करून किल्ली कुणाकडे आहे ते विचारते आणि चतुर्थीच्या आधी फ्रिज तपासून देते.

मुलींनो, तुम्हाला घरातून ‘शिडीवर चढणार का आता?’ हे ऐकावं लागेल. मलाही लागलं. मी आईला एकदा कामावर नेलं. गिऱ्हाइकाच्या घरी ती खुर्चीवर बसून होती, मी एसी खोलून धुतला, परत लावला. गार हवा आली तशी ती उठून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.