दुखणे डॉक्टरांना नेमके कसे सांगावे

‘काय होतंय?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला बहुतेक जण ‘फार दुखतंय’ एवढेच उत्तर देतात. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण ताप मोजावा तसे वेदना मोजणारे साधन नाही आणि रुग्णाचे शब्द हाच निदानाचा मोठा आधार असतो. ठणका, कळ, चमक, आग, मुरडा, ठुसठुस हे शब्द एकमेकांना पर्याय नाहीत. वेदना कोठून आणि कशी निघाली याचा माग त्यांतून लागू शकतो.

पायाला ठेच लागली की आधी तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो. पहिला संदेश सेकंदाला सुमारे 5 ते 30 मीटर वेगाने संदेश नेणारे चेतातंतू नेतात, तर दुसरा संदेश नेणाऱ्या बारीक तंतूंचा वेग जेमतेम अर्धा ते 2 मीटर असतो. मेंदूत वेदनेचे एकच केंद्र नाही. कोठे आणि किती दुखते हे एक भाग ठरवतो, तर त्या दुखण्याने जीव किती कासावीस होतो हे इन्सुलासारखे दुसरे भाग ठरवतात. म्हणून जागा आणि तीव्रता सांगून थांबू नये. झोप लागते का, जेवण जाते का, हेही सांगावे.

त्वचा, स्नायू किंवा सांधा दुखत असेल तर सहसा जागा दाखवता येते. अशा वेळी कोणत्या हालचालीने दुखणे वाढते आणि चोळल्याने किंवा शेकल्याने ते कमी होते का, हे सांगावे. चोळल्याने बरे वाटते त्यालाही कारण आहे: रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये मांडल्याप्रमाणे स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात.

पोटातल्या आणि छातीतल्या अवयवांचे दुखणे मात्र फसवे असते. या अवयवांतून येणारे चेतातंतू तुलनेने विरळ असतात आणि ते मज्जारज्जूत त्वचेकडून येणाऱ्या तंतूंबरोबरच एकत्र होतात, त्यामुळे मेंदू जागा ठरवताना चुकतो. हृदयाची वेदना डाव्या हातात किंवा जबड्यात जाणवते. पित्ताशयाची उजव्या खांद्याकडे जाते. अपेंडिक्सचे दुखणे अनेकदा बेंबीभोवती सुरू होऊन मग उजवीकडे खाली सरकते. मूतखड्याची कळ पाठीच्या बाजूने जांघेकडे उतरते. म्हणून दुखणे कोठे सुरू झाले, कोठे सरकले आणि सोबत मळमळ किंवा घाम होता का, हा क्रम सांगावा. रुग्णाने स्वतःच ‘गॅस झालाय’ असे निदान सांगणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटून दरदरून घाम फुटला, तर शब्द शोधत बसू नये आणि लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मधुमेहात तळपायांची आग होणे, मुंग्या येणे, नागीण बरी झाल्यावरही त्या जागी कपड्याचा स्पर्श सहन न होणे किंवा विजेचा झटका बसल्यासारखी चमक येणे, हे प्रकार बहुधा खुद्द चेतातंतूंच्या बिघाडाचे असतात. त्यांवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, म्हणून डॉक्टर फिट्स किंवा नैराश्यावर वापरली जाणारी औषधे देतात. त्या औषधांचे नाव वाचून ‘मला मानसिक रुग्ण ठरवले’ असे समजू नये आणि ती परस्पर बंदही करू नयेत.

3 महिन्यांहून अधिक टिकलेल्या दुखण्यात कधी कधी सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. अशा वेळी चेतासंस्था अतिसंवेदनशील झालेली असू शकते. 2017 पासून वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने हा वेगळा प्रकार मानला आहे. ते दुखणे कल्पनेतले नसते. भेटीपूर्वी आठवडाभर रोज वेळ, जागा, 0 ते 10 पैकी तीव्रता आणि त्या वेळी आपण काय करत होतो, एवढे वहीत लिहून ठेवावे.

सोबत जाणाऱ्या नातेवाइकांनी रुग्णाचा शब्द बदलू नये. आजी ‘तळव्यांची भगभग होते’ म्हणत असतील, तर डॉक्टरांना ‘पाय दुखतात’ असे न सांगता ‘भगभग’च सांगावी.