हेलो ३: ओडीएसटी लेजंडरीवर एकट्यानं कशी काढायची

हेलोच्या नेहमीच्या चिलखती नायकाला, मास्टर चीफला समजून खेळायला गेलात तर ओडीएसटीतला रुकी (इथला तुमचा शिपाई) पहिल्याच चौकात मरतो. हेलोच्या बाकीच्या भागांनी लावलेली सवय इथे घात करते: आडोशाबाहेर यायचं, चार गोळ्या अंगावर घ्यायच्या, मागे सरकून शील्ड भरू द्यायचं, पुन्हा बाहेर यायचं. रुकीला शील्डच नाही. तो साधा सैनिक आहे, अंतराळातल्या जहाजातून पॉडमध्ये बसून खाली टाकला जाणारा.

बंजीनं हा गेम २२ सप्टेंबर २००९ ला एक्सबॉक्स ३६० वर आणला. हेलो ३ ला जोड म्हणून सुरू झालेलं काम वाढत गेलं आणि वेगळी डिस्क निघाली. त्यामुळे मूळ हेलो ३ जवळ नसला तरी हा खेळता येतो, आणि गोष्टही बहुतांश आपल्यापुरती आहे: सन २५५२, केनियातलं न्यू मोम्बासा, डोक्यावरून कॉव्हेनंट या परग्रहवासी शत्रूंचं जहाज निघून गेलेलं, आणि सहा तासांनी शुद्धीवर आलेला एकटा शिपाई. आज तो मास्टर चीफ कलेक्शनमध्ये मिळतो. पीसीवर सप्टेंबर २०२० पासून आहे. पुढचं सगळं लेजंडरी, म्हणजे सगळ्यांत अवघड पातळी, आणि एकट्यानं खेळणं धरून लिहिलंय. समोर कॉव्हेनंटचे बुटके ग्रंट, पक्ष्यासारखे जॅकल आणि दांडगे ब्रूट असतात. तिच्या खालच्या हिरोइकवरही हेच चालतं, फक्त चुका थोड्या जास्त माफ होतात.

हेल्थ ही मोजकी शिल्लक

मार खाल्ला की आधी स्टॅमिना जातो, स्क्रीन लाल व्हायला लागते, आणि त्यानंतरचा प्रत्येक फटका हेल्थमधून वजा होतो. आडोशाला थांबलात तर स्टॅमिना भरतो. हेल्थ भरत नाही, ती मेडकिटनंच भरते. म्हणून लाल दिसायला लागणं हाच मागे फिरण्याचा इशारा समजा. "अजून एक ग्रंट टिपतो आणि मग वळतो" यात हेल्थ जाते, आणि ती पुढच्या तीन लढायांत कमी पडते.

मेडकिट शहरात ऑप्टिकन कंपनीच्या भिंतीवरच्या पेट्यांमध्ये असतात. लढाई सुरू करण्याआधी जवळची पेटी कुठे आहे ते बघून ठेवा आणि जमल्यास तीच पाठीशी ठेवून लढा. मागे हटायची वाट ठरलेली असली की पाय आपोआप तिकडे वळतात.

चेकपॉइंटचा सापळा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आसपास धोका उरला नाही की गेम सेव्ह होतो, मग तुमची हेल्थ काठावर का असेना. तशा अवस्थेत पुढच्या भागात पळत गेलात आणि सेव्ह झाला, तर मेल्यावर प्रत्येक वेळी तीच काठावरची हेल्थ घेऊन उभं राहावं लागतं. लढाई संपली की आधी मेडकिट, मग दारूगोळा, मग पुढची पावलं. उंचावरून उडी मारली तरी हेल्थ जाते. चीफला हेलो ३ मध्ये हे दुखणं नव्हतं, त्यामुळे गच्चीवरून बेधडक उड्या मारणारे इथे हटकून फसतात.

व्हायजर कधी लावायचा, कधी काढायचा

मोशन सेन्सर नाही. त्याच्या जागी व्हायजर आहे: तो लावला की शत्रूभोवती लाल रेघ येते, आपल्या माणसांभोवती हिरवी, कामाच्या वस्तूंभोवती पिवळी. रात्रीच्या रस्त्यांवर तो जवळपास कायम लावलेला चालतो. दिवसाच्या मिशनमध्ये मात्र लगेच काढा, कारण उजेडात स्क्रीन पांढरीफटक होते आणि लांबचा जॅकल त्यात विरून जातो. व्हायजर भिंतीपलीकडचं दाखवत नाही हेही विसरू नका. रडार नाही म्हणजे पाठीमागचं काहीच कळत नाही; त्यामुळे दोन-तीन मारले की एकदा मागे वळून बघायचं, आणि शक्यतो पाठ भिंतीला लावूनच लढायचं. आवाज मोठा ठेवा किंवा हेडफोन लावा. ब्रूट आणि ग्रंट दोघंही फार बडबडतात, कोपऱ्यापलीकडे कोण आहे ते आधी कानांना कळतं.

पीसीवर खेळत असाल तर फील्ड ऑफ व्ह्यू (स्क्रीनवर मावणाऱ्या दृश्याची रुंदी) थोडाच वाढवा. फार वाढवला तर लांबचे शत्रू ठिपक्याएवढे होतात, आणि या गेममध्ये सगळी मदार लांबूनच डोक्यात गोळी घालण्यावर आहे.

दोन बंदुका, दोन कामं

सुरुवातीला हातात सायलेन्सर लावलेली एसएमजी आणि पिस्तूल असतं. एसएमजीत ४८ गोळ्या मावतात, तिला दुर्बीणही आहे, पण लेजंडरीवर ती ब्रूटचं चिलखत उतरवेपर्यंत तुमचा स्टॅमिना संपलेला असतो. पिस्तूल सोडू नका. १२ गोळ्या, झूम, आणि डोक्यावर एक गोळी लागली की ग्रंट किंवा जॅकल खलास. अंगावर मारलं तर मात्र ते अगदीच मवाळ आहे. बॅटल रायफल या गेममध्ये नाही, दोन हातांत दोन बंदुका धरता येत नाहीत, बबल शील्डसारखी उपकरणंही वापरता येत नाहीत. मधल्या अंतराला कॉव्हेनंटची कार्बाइन मिळाली तर तीच बॅटल रायफल समजा.

एसएमजीची जागा लवकरात लवकर ग्रंटनं टाकलेल्या प्लाझ्मा पिस्तुलाला द्या. खरी जोडी हीच आहे, आणि लेजंडरीचा निम्मा गेम तिच्यावर निघतो:

१. आडोशामागे उभं राहून प्लाझ्मा पिस्तुलाचा ट्रिगर दाबून धरा. हिरवा गोळा भरला की बाहेर या.
२. साध्या ब्रूटवर लॉक होईपर्यंत थांबून सोडा. गोळा थोडा वळतो, पण लांबवर ब्रूट बाजूला उडी मारून चुकवतो. मधल्या अंतरावरून सोडलेला बरा.
३. चिलखत फुटलं की लगेच पिस्तूल काढा आणि डोक्यात गोळी घाला.
४. दुसरा ब्रूट दिसत असला तरी पुन्हा आडोशाला जा आणि तिथेच गोळा भरा.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे भरलेला गोळा हातात धरून ठेवला तर बॅटरी उतरत राहते, म्हणून तो फिरताना भरू नका, लक्ष्य ठरल्यावर भरा. दुसरं, चिलखत फुटल्यावर बंदूक बदलायला उशीर झाला तर ब्रूट चवताळून सरळ अंगावर धावतो, आणि लेजंडरीवर त्याचा हात लागला की विषय संपला. तो धावत येत असेल तर मागे मागे पळत डोकं टिपण्याच्या भानगडीत पडू नका. पायाजवळ ग्रेनेड टाकून कोपरा वळा. चिकटणारा प्लाझ्मा ग्रेनेड अंगावर बसला तर उत्तमच. हातोडावाल्या चीफ्टनसाठी जवळची कुठलीच युक्ती धरू नका. त्याच्यापासून अंतर राखायचं आणि सापडेल ते जड हत्यार त्याच्यावरच खर्च करायचं.

कोणाला आधी मारायचं

आकाशात तरंगणारा, जांभळट, फुग्यासारखा इंजिनिअर दिसला तर सगळं सोडून तो. तो स्वतः गोळी झाडत नाही, पण आसपासच्या प्रत्येकाला जादा शील्ड देतो. तो असेपर्यंत ग्रंटसुद्धा एका गोळीत मरत नाही आणि वरची सगळी जोडी कुचकामी ठरते. "माझा हेडशॉट लागतोय, पण मरत कसा नाही" असं वाटलं की वर बघा. त्याच्या अंगाला स्फोटकं बांधलेली असतात, त्यामुळे त्याला लांबूनच फोडा. खाली शत्रू गोळा झालेले असतील तर तेही भाजतात.

मग जॅकल निशाणबाज. बीम रायफलची एक गोळी लेजंडरीवर पुरते. उघड्या चौकात किंवा लांब रस्त्यावर शिरण्याआधी झूम करून गॅलऱ्या आणि छपरांच्या कडा बघून घ्या. मेलात तर तो कुठून मारत होता ते लक्षात ठेवा. पुढच्या वेळीही तो साधारण तिथेच असतो. ढालवाल्या जॅकलच्या ढालीला कडेला खाच असते, तिथून दिसणाऱ्या हातावर पिस्तूल मारा. तो डळमळतो आणि डोकं उघडं पडतं.

मग ब्रूट. म्होरक्या पडला की ग्रंटांची फळी मोडते आणि ते पळत सुटतात. म्हणजे ग्रंट शेवटी. अपवाद एकच: एखादा ग्रंट दोन्ही हातांत पेटते ग्रेनेड घेऊन तुमच्याकडे धावला तर तो सगळ्यांत आधी.

रात्रीचे रस्ते

शहर हे मधलं अंगण आहे. रुकी तिथे रात्री फिरतो, सोबत्यांच्या मागे राहिलेल्या वस्तू शोधतो, आणि प्रत्येक वस्तूपाशी त्या सोबत्याचं दिवसाचं मिशन उघडतं. पहिलं तायारी प्लाझा ठरलेलं असतं. त्यानंतरचा क्रम बराचसा तुमच्या हातात आहे. वाकलेली स्नायपर रायफल सापडली की सोबती रोमिओचं एनएमपीडी हेडक्वार्टर्स (शहर पोलिसांचं मुख्यालय) उघडतं, वगैरे.

इथे सगळ्यांना मारत सुटायची गरज नाही, हे अनेकांच्या गळी उतरत नाही. गस्तीच्या टोळ्या टाळता येतात. नकाशा उघडा, जायच्या जागेवर खूण लावा, आणि मोठ्या रस्त्याऐवजी आतले चौक आणि गल्ल्या धरा. टोळी लढून संपवायचीच असेल तर दरवाज्यात थांबा आणि त्यांना एकेक करून तुमच्याकडे येऊ द्या. चौकाच्या मधोमध उभं राहून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

वाटेत फोन वाजतो, साइनबोर्ड लुकलुकतो, एखाद्या गाडीचा अलार्म सुरू होतो. शहर चालवणारी एआय, सुपरिटेंडंट, तुम्हाला बोलावत असते. तिथे ऑडिओ लॉग असतो. एकूण लॉग ३०. त्यातले २९ रस्त्यांवर आणि शेवटचा डेटा हाइव्ह या शहराखालच्या मिशनमध्ये, तोही आधीचे २९ हातात असतील तरच. सेडी एन्डेशा या मुलीची त्या रात्रीची वेगळी गोष्ट त्यात तुकड्यातुकड्यांनी ऐकू येते, आणि आमच्या मते गेममधलं सगळ्यांत चांगलं लिखाण तेच आहे. कामाचा फायदाही आहे: लॉग जमत गेले की सुपरिटेंडंट बंद कोठारांची दारं उघडते आणि आत चांगली हत्यारं मिळतात. म्हणून लॉग शेवटासाठी ठेवू नका. एखाद्या भागात शिरलात की मिशनच्या खुणेकडे जाण्याआधी तो भाग पालथा घाला. डेटा हाइव्हमध्ये उतरण्यापूर्वी २९ चा आकडा पुन्हा तपासा.

दिवसाची मिशन त्यामानानं सरळ आहेत. किझिंगो बुलेव्हार्डवर स्कॉर्पिअन रणगाडा मिळतो. तो लांबूनच वापरा, रेथचा (कॉव्हेनंटच्या तोफगाड्याचा) गोळा कमानीत येतो आणि अंतर असलं तर चुकवायला वेळ मिळतो. रोमिओच्या मिशनमध्ये स्नायपरच्या गोळ्या ड्रोनवर (किड्यांसारख्या शत्रूंवर) उधळू नका. ते उडतात, नेम चुकतो, आणि नंतर जॅकलसाठी काही उरत नाही. डेटा हाइव्हमध्ये अरुंद जागा आणि ड्रोन यांची गाठ पडते. तिथे हॉलमध्ये न घुसता दाराशी थांबून त्यांना येऊ द्या.

फायरफाइट

मोहीम संपली की चार जणांपर्यंत मिळून खेळायचं फायरफाइट उरतं. पाच वेव्हचा एक राउंड, तीन राउंडचा एक सेट. सगळ्यांत मिळून सात लाइफ, आणि राउंड पार केला की त्यात भर पडते. एकट्यानं हिरोगिरी करणारा गडी सगळ्यांच्या लाइफ खातो, हे खेळायला बसण्याआधीच सांगून टाका.

राउंड वाढेल तसे स्कल, म्हणजे खेळ अवघड करणारे नियम, चालू होत जातात. टफ लकमध्ये शत्रू ग्रेनेडवरून हटकून उडी मारतो, कॅचमध्ये तोच ग्रेनेडचा पाऊस पाडतो. ब्लॅक आयमध्ये स्टॅमिना आपोआप भरत नाही, कुणाला तरी हातानं ठोसा मारल्यावरच भरतो. ब्लॅक आयच्या राउंडमध्ये लांबून सगळे ग्रंट टिपणारा खेळाडू स्वतःच्याच टीमला मारतो. जवळ आलेले एक-दोन ग्रंट ठोशासाठी शिल्लक ठेवा. सेट संपला की एका मिनिटाचा बोनस राउंड असतो, त्यात फक्त ग्रंट येतात.

सुरुवात क्रेटरवर करा, जागा लहान आणि ध्यानात राहणारी आहे. लॉस्ट प्लाटून मोकळ्या मैदानावर गाड्यांसह आहे, तिथे आडोसा कमी. प्रत्येक मॅपवर २,००,००० गुणांची अचीव्हमेंट आहे. तिच्या मागे लागलात तर वेळ मोकळा ठेवा आणि लेजंडरीऐवजी हिरोइक निवडा, कारण गुण वाढतात ते टिकून राहिल्यानं, आणि लेजंडरीवर तिसऱ्या राउंडपर्यंत टिकणाराच विरळा.