जुनी कागदपत्रं नव्या खोक्यांत भरताना या चुका टाळा

मुंबईत जुनी कागदपत्रं हलवायची वेळ बहुतेकदा पुनर्विकासाची नोटीस आली की येते. चाळ रिकामी करायची असते, वाचनालयाचा माळा उतरवायचा असतो, मंडळाचं कपाट संक्रमण शिबिरात न्यायचं असतं. इतिवृत्तांच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तकं, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका, कामगार नाटकांचे फोटो, इमारतीचे मूळ नकाशे, सगळं एकदम बाहेर येतं. मग कुणीतरी हौसेनं महागडे ‘अॅसिड-फ्री’, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचे, खोके मागवतं, दोन-चार रविवारांत सगळं भरून टाकतं आणि काम झालं म्हणून सगळे मोकळे होतात.

खोके बहुधा चांगलेच असतात. घोळ होतो तो भरताना. कागद शाबूत राहतो, पण तो कुणाचा, कशाशेजारचा, कुठल्या कपाटातला, ही माहिती त्याच रविवारी रद्दीत गेलेली असते.

गठ्ठा सोडला, क्रम गेला

जुन्या दफ्तरांत कागद कापडात बांधलेले असतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कागदाचा दाखला अभ्यासक आजही रुमालाच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याच्या, क्रमांकानं देतात, कारण रुमाल हाच तिथला पत्ता आहे. तुमच्या संस्थेतला लाल कापडाचा बस्ता किंवा सुतळीनं बांधलेला गठ्ठा हाही तसाच पत्ता आहे. कोणते कागद एकत्र बांधले होते यावरून पुष्कळ काही कळतं: वादाची पत्रं आणि त्याच वर्षीची जमाखर्चाची वही एका गठ्ठ्यात असतील, तर ती कुणीतरी मुद्दाम एकत्र ठेवलेली असतात.

म्हणून गाठ सोडण्याआधी फोटो काढा. बांधलेल्या गठ्ठ्याचा एक, सोडल्यावर वरून एक. कापडाची आतली बाजू बघा, तिथे पुष्कळदा शाईनं आकडा घातलेला असतो. सुतळीत खोचलेली चिठ्ठी कितीही मळकी असली तरी त्याच गठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये गेली पाहिजे. मोडी कागद घडीचे असतील तर घडीच्या बाहेरच्या अंगाला एखाद-दोन ओळींत पत्र कुणाचं, कशाबद्दल, हे लिहिलेलं सापडतं. घडी उलगडून कागद सपाट केला की ती ओळ पाठीमागे जाते आणि पुढच्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही. उलगडण्याआधीच ती टिपून घ्या. घडी कडक झाली असेल, करकर वाजत असेल, तर उलगडूच नका, घडीसकट ठेवा.

मदतीला आलेली कॉलेजची मुलं हमखास विचारतात, “काका, तारखेप्रमाणे लावून देऊ का?” त्यावर ठाम ‘नको’ म्हणायचं. तारखेप्रमाणे यादी हवी तर ती संगणकावर पाहिजे तशी लावता येते. कागद मात्र मिळाले त्याच क्रमानं नव्या खोक्यात जातात. एका वेळी एकच जुना गठ्ठा टेबलावर घ्यायचा आणि तो पूर्ण भरल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. वेग कमी होतो, पण चार गठ्ठे एका चादरीवर पसरले की ते पुन्हा वेगळे करणं ब्रह्मदेवालाही जमत नाही.

मे-जूनमध्ये भरणं

मुंबईत भरण्याचा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा दुपारी हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, कधी खालीही येते. पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर राहते. कागद हवेतलं पाणी ओढून घेतो, पापडासारखा सादळतो. असा सादळलेला कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवला, की तो ओलावा आत कोंडला जातो. आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. म्हणजे डबा बाहेरून चकाचक आणि आत बुरशीला हवं तसं हवामान. हवाबंद डबा चांगला की वाईट हा वाद त्यामुळे अर्धवट आहे. आत कोरडा कागद गेला असेल तर तो चांगला, ओला गेला असेल तर त्याच्यापेक्षा साधा पुठ्ठ्याचा खोका बरा, कारण पुठ्ठा निदान श्वास घेऊ देतो.

नोटीसच मे महिन्यात आली तर? मग कागद तात्पुरते पुठ्ठ्याच्या खोक्यांत क्रमानं भरून हलवा आणि कायमचं भरणं हिवाळ्यावर ढकला. घाईत दोन्ही कामं एकदम उरकायला जाऊ नका.

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते खोलीत भिंतीवर टांगण्यापेक्षा एक दिवस बंद कपाटात ठेवून बघा. बाहेरच्या भिंतीला चिकटून असलेल्या लोखंडी कपाटात आणि खोलीच्या मध्यावरच्या मांडणीत केवढा फरक असतो ते कळेल. एसीचंही तसंच: दिवसा लावायचा आणि रात्री बंद करायचा, याच्यापेक्षा तो नसलेला परवडतो. चढउतारानं कागद, चामडं आणि फोटोवरचा थर रोज आकसतो-फुगतो, आणि थंड झालेल्या वस्तूवर रात्री दमट हवेतलं पाणी धरतं.

सिलिका जेलच्या पुड्या टाकून निश्चिंत होणारेही पुष्कळ. उघड्या-बंद होणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्या बघता बघता भरून जातात आणि मग नुसतं वजन. हवाबंद डब्यातच त्यांचा उपयोग, तोही वेळोवेळी काढून ओव्हनमध्ये वाळवल्या तर. रंग बदलणारे घेणार असाल तर नारिंगी दाणे घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी.

खोक्यावर लिहिलंय म्हणून

‘अॅसिड-फ्री’ या शब्दाला भुलू नका. लाकडाच्या लगद्याच्या पुठ्ठ्यात अल्कली मिसळली की तो काही काळ अॅसिड-फ्री होतोच. आतलं लिग्निन, म्हणजे लाकडातलं एक नैसर्गिक द्रव्य, मात्र तसंच राहतं आणि पुढे पुन्हा आम्ल तयार करतं. अॅसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री, दोन्ही पाहिजे. विक्रेत्याकडे नमुना मागा आणि आम्लता दाखवणाऱ्या पीएच पेननं रेघ ओढून बघा. रेघ पिवळी राहिली तर आम्लता आहे, जांभळी झाली तर नाही. ही खूण फक्त पुठ्ठ्यावर करायची, कागदपत्रांवर कधीही नाही.

प्लास्टिकच्या पारदर्शक पिशव्यांचा प्रश्न जास्त गंभीर आहे. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ, नव्या गाडीसारखा वास येणारे फोल्डर बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि त्याला मऊ करणारं द्रव्य बाहेर येऊन फोटोला चिकटतं. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन चालतं. ओळखायचं कसं? तांब्याची तार गॅसवर लाल करा, प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे खिडकीजवळ आणि कागदपत्रांपासून लांब करायचं, धूर नाकात घ्यायचा नाही. पाण्याची चाचणी त्याहून सोपी, पण अर्धवट: पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतात, पीव्हीसी बुडतं, पॉलिएस्टरही बुडतं, त्यामुळे बुडालेल्या तुकड्यावर तारेची चाचणी करावीच लागते.

एक अपवाद लक्षात ठेवा. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचे जुने ब्लूप्रिंट अल्कलीनं फिके पडतात. इमारतींचे मूळ नकाशे तसले असतील तर त्यांना कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला ‘बफर्ड’ कागद नको, साधा न्यूट्रल हवा. पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेघांचे अमोनिया प्रिंट वेगळे. त्यांतून सुटणारी द्रव्यं शेजारच्या कागदांना आणि फोटोंना त्रास देतात, म्हणून त्यांचं फोल्डर स्वतंत्र. वर्तमानपत्राची कात्रणंही अशीच, शेजाऱ्याला पिवळं करणारी.

कुठला कागद आधी

सगळा खर्च आणि कौतुक मोडी कागदांच्या वाट्याला जातं. ते स्वाभाविक आहे, पण उलटं आहे. जुन्नरी किंवा तसला हातकागद चिंध्यांच्या लगद्याचा, मजबूत. काजळीची शाईही उजेडानं उडत नाही. तिला भीती पाण्याची, म्हणून ओल्या फडक्यानं पुसायचं नाव काढू नका. खरे आजारी कागद दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आणि नंतरचे: पावतीपुस्तकं, हँडबिलं, स्वस्त न्यूजप्रिंटवरचे अंक. बोट लावलं की कोपरा तुटतो. पैसे थोडेच असतील तर आधी फोल्डर त्यांना.

कुठल्याही परिस्थितीत लॅमिनेशन नको. उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. नाजूक कागद दोन पॉलिएस्टर शीटांमध्ये ठेवून फक्त कडा बंद केल्या तर तोच आधार मिळतो आणि कागद केव्हाही बाहेर काढता येतो. सेलोटेपबद्दल तर बोलायलाच नको.

टाचण्या, स्टेपल, यू-क्लिपा काढायच्या, पण ओढून नव्हे. मुंबईच्या हवेत त्या कागदात गंजून बसलेल्या असतात. खाली पॉलिएस्टरची पट्टी सरकवून पाठीमागचे पाय पातळ पात्यानं उचलायचे. काढल्यावर ते कागद एकत्र होते हे कळावं म्हणून एका दुमडलेल्या कागदात ठेवा. फायलीची लाल फीत ओल लागली की रंग सोडते. तिच्या जागी पांढरी सुती नाडी.

डांबरगोळ्या टाकू नका. माणसाला त्रास, बुरशीवर काही उपयोग नाही. कडुलिंबाचा ताजा पालाही नको, तो आत ओल घेऊन जातो. कसर किंवा वाळवी दिसली तर तो गठ्ठा नव्या खोक्यात घालायच्या आधी वेगळा काढा. पिशवीत घट्ट बंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे पुरता एक दिवस, पिशवी उघडू नका. काचेच्या फोटोप्लेटना हा उपाय नाही. जुन्या ग्रंथालयांत पुस्तकांवर पांढरी कीटकनाशक पावडर मारलेली असते; नायट्रिल हातमोजे आणि मास्क त्यासाठी. एरवी कागदाला सुती हातमोजे नकोत, बोटांचा अंदाज जातो. धुतलेले, पुरते वाळलेले हात बरे.

निगेटिव्ह

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अॅसिटेट या प्लास्टिकची फिल्म कुजू लागली आहे. ती बाकीच्यांपासून लांब आणि हवा खेळती राहील अशी ठेवा. इथे हवाबंद डबा घातक. १९५०च्या आधीची फिल्म नायट्रेटची असू शकते, आणि नायट्रेट भयंकर पेट घेतं. २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या. तसा संशय आला तर स्वतः प्रयोग न करता संग्रहालयातल्या तज्ज्ञांना विचारा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका.

खोका भरून झाल्यावर

अर्धा भरलेला खोका जास्त भरलेल्याइतकाच वाईट, आतले कागद वाकून कायमचे कमानदार होतात; रिकाम्या जागेत पुठ्ठ्याचा आधार घाला. सपाट खोके दोनपेक्षा जास्त एकावर एक नकोत. सर्वांत खालचा खण जमिनीपासून वीतभर तरी वर, आणि तळमजल्यावर असाल तर त्याहून बराच वर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. गच्चीखालचा माळा आणि स्वच्छतागृहाच्या पाइपलगतची भिंत टाळा.

चिकटवायची लेबलं पहिल्या पावसात सुटतात, वर खळीचा गोंद कसरीला खाऊ. क्रमांक २बी पेन्सिलीनं थेट फोल्डरवर आणि खोक्यावर लिहा, फोल्डरवर तो कागद आत घालण्याआधी. जुना क्रमांक, नवा क्रमांक, गठ्ठ्याच्या फोटोचं नाव, एवढ्या तीन रकान्यांची यादी पुरते. तिची एक प्रत त्या खोलीच्या बाहेर, दुसऱ्या पत्त्यावर.

जुने खोके आणि कापडं रद्दीवाल्याला लगेच देऊ नका. तळाशी चिठ्ठी अडकलेली असते, कापडावर आकडा असतो. ती निदान पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहू द्या. जुलैच्या मध्यावर प्रत्येक कपाटातला एक खालचा, एक भिंतीकडचा खोका उघडा आणि आधी वास घ्या. कुबट वास आला तर तेवढाच खोका बाहेर काढून कोरड्या खोलीत, पंख्याच्या थेट झोतात न ठेवता, उघडा ठेवा आणि शेजारचे दोन्ही तपासा.